शब्द, यमक आणि स्मरण

पाठांतर हा शब्द अलीकडे काहीसा बदनाम झाला आहे. ‘पोपटपंची’, ‘घोकंपट्टी’ अशी नावे ठेवून आपण त्याची बोळवण करतो. तरीही ज्या घरात स्पर्धा परीक्षेला बसणारे मूल आहे, त्या घरातून संध्याकाळच्या रोझरीनंतर कानी येतो तो घोकण्याचाच स्वर. इंग्रजीतील अवघड शब्दांच्या लांबलचक याद्या मुले पाठ करतात. शब्द डोक्यात राहावा म्हणून यमके जुळवतात, हसू येईल अशा युक्त्या योजतात. नमुन्यादाखल पुढील दोन ओळी पाहा. त्या मीच जुळवल्या आहेत. सुज्ञ वाचकांनी त्यांत काव्य शोधू नये.

‘मीगर’ म्हणजे अपुरे थोडे, मी गरीब, न पायी जोडे;
‘मोरोज’ म्हणजे खिन्न उदास, मोर रोज करी उपास.

‘मीगर’ या इंग्रजी शब्दात ‘मी गरीब’ हे मराठी शब्द ऐकू येतात. ‘मोरोज’ म्हटले की उपाशी, उदास मोर डोळ्यांसमोर उभा राहतो. मूल एकदा खुदकन हसले की अर्थ त्याच्या ध्यानात राहतो. निदान परीक्षेपर्यंत तरी राहतो.

‘निदान परीक्षेपर्यंत’ या दोन शब्दांतच पालकांची खरी चिंता दडलेली आहे. आपण मुलांच्या शिक्षणासाठी पोटाला चिमटा घेऊन पैसा खर्च करतो. त्यातून मुलाच्या हाती भाषा येणार, की दोन वर्षांत विरून जाणारी एक यादी? अशा युक्त्या हे खरे शिक्षण की निव्वळ क्लृप्ती? हा प्रश्न आपल्याला आजचा वाटतो. पण तो फार जुना आहे. ख्रिस्तसभेच्या शाळांनी, मठांनी आणि मिशनऱ्यांनी परक्या भाषेचे शब्द शिकताना त्याच्याशी शतकानुशतके झुंज घेतली आहे. त्या इतिहासाचा मागोवा घेतला तर आजच्या पालकांनाही काही वाट सापडेल असे मला वाटते.

दौतीतले शब्द

प्रथम इंग्रजीतील अवघड शब्द आले कोठून ते पाहू. इ. स. १०६६ मध्ये नॉर्मंडीच्या विल्यमने इंग्लंड जिंकले आणि राजदरबाराची भाषा फ्रेंच झाली. पुढील तीनशे वर्षांत हजारो फ्रेंच शब्द इंग्रजीत उतरले, आणि फ्रेंचचे मूळ तर लॅटिन. सोळाव्या शतकात पुनरुज्जीवनाचे वारे वाहू लागले, तेव्हा इंग्रज विद्वानांनी लॅटिन आणि ग्रीक ग्रंथांतून शब्द सरळ उचलून आपल्या लेखनात घातले. सामान्य माणसाला ते कळेनात. लोक त्यांना थट्टेने ‘दौतीतले शब्द’ म्हणू लागले. म्हणजे बोलण्यातून नव्हे, शाईच्या दौतीतून जन्मलेले. थॉमस विल्सन या लेखकाने १५५३ साली प्रसिद्ध केलेल्या वक्तृत्वावरील ग्रंथात अशा भाषेची यथेच्छ टर उडवली आहे.

पण थट्टेने शब्द हटले नाहीत. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री याने अशा सुमारे अडीच हजार कठीण शब्दांचा एक छोटा कोश छापला. इंग्रजी शब्दांचा अर्थ इंग्रजीतच देणारा हा पहिला छापील कोश मानला जातो. तो कोणासाठी? स्त्रियांसाठी आणि ज्यांना लॅटिन शिकण्याची संधी मिळाली नाही अशा माणसांसाठी, असे त्याच्या मुखपृष्ठावरच नमूद आहे. म्हणजे ज्या शब्दांपुढे आपली मुले अडखळतात, त्यांच्यापुढे चारशे वर्षांपूर्वी खुद्द इंग्रज कुटुंबेही अडखळत होती. आपल्या मुलांनी या बाबतीत कमीपणा वाटून घेण्याचे काहीच कारण नाही.

पद्यातले व्याकरण

मग ज्या लॅटिनमधून हे शब्द आले, ती लॅटिन युरोपातील मुले कशी शिकत? मध्ययुगात ती कोणाचीच मातृभाषा राहिली नव्हती. चर्मपत्रावर हाताने लिहिलेला ग्रंथ अतिशय महाग असे. तो बहुधा गुरुजींच्या हाती असे, विद्यार्थ्यांच्या नव्हे. विद्यार्थ्याचा ग्रंथ म्हणजे त्याचे डोके. म्हणून जे शिकवायचे ते पद्यात बांधले जाई. नॉर्मंडीतील व्हिलद्यू गावच्या अलेक्झांडर नावाच्या पंडिताने ११९९ साली लॅटिन व्याकरण सुमारे २,६०० ओळींच्या सयमक पद्यात रचले. ‘दोक्त्रिनाले’ हे त्याचे नाव. नामांची लिंगे, क्रियापदांची रूपे, वाक्यरचना, शब्दांतील ऱ्हस्व-दीर्घ, सारे त्यात आहे. तीन शतकांहून अधिक काळ युरोपातील मुले ते पाठ करीत राहिली. छपाईची कला आल्यावर त्याच्या दोनशेहून अधिक आवृत्त्या निघाल्या.

सेमिनरीत तर्कशास्त्र शिकलेल्या कोणाही धर्मगुरूला ‘बार्बरा’ आणि ‘सेलारेंत’ ही नावे आठवतील. ती कोणा कन्यकांची नावे नसून अनुमानांच्या प्रकारांची नावे आहेत. तेराव्या शतकात, विशेषतः स्पेनचा पीटर याच्या ग्रंथामुळे, ती पद्यरूपाने सर्वत्र पसरली. ‘आ’ हा स्वर सर्वव्यापी होकारी विधानाचा, ‘ए’ सर्वव्यापी नकारी विधानाचा, ‘इ’ अंशव्यापी होकारी विधानाचा आणि ‘ओ’ अंशव्यापी नकारी विधानाचा. ‘बार्बरा’ या नावात तीन ‘आ’ आहेत. म्हणून तिन्ही विधाने सर्वव्यापी व होकारी. सर्व माणसे मर्त्य आहेत. सर्व राजे माणसे आहेत. म्हणून सर्व राजे मर्त्य आहेत. पुढील नावांतील काही व्यंजनेही निरर्थक नाहीत. एका प्रकारचे अनुमान दुसऱ्या प्रकारात कसे बदलावे, याची खूण त्यांत असते. एका शब्दात एवढे ज्ञान कोंबणारी दुसरी युक्ती शोधून सापडणार नाही.

सणांचे दिवस लक्षात ठेवण्यासाठीही असेच एक पद्य होते. ‘चिसिओयानुस’ हे त्याचे नाव. प्रत्येक महिन्याला दोन ओळी आणि महिन्यातील प्रत्येक दिवसाला एक अक्षर. ज्या संताच्या नावाचे आद्याक्षर ज्या क्रमांकावर येते, त्या तारखेला त्याचा सण. घरात कॅलेंडर नसलेल्या काळात धर्मगुरूचे कॅलेंडर असे त्याच्या जिभेवर होते.

अकराव्या शतकातील ग्वीदो या बेनेदिक्तीन संन्याशाने संगीतात हेच केले. बाप्तिस्मा करणाऱ्या संत योहानाच्या एका स्तोत्राचा प्रत्येक चरणार्ध आधीच्यापेक्षा एक सूर वर सुरू होतो. त्या सहा चरणार्धांची पहिली अक्षरे घेऊन त्याने सुरांना नावे दिली: उत्, रे, मि, फा, सोल, ला. जी गायनविद्या साधायला मुलांची दहा वर्षे जात, ती आता एक-दोन वर्षांत साधते, असे त्याने लिहून ठेवले आहे. ‘उत्’च्या जागी पुढे ‘डो’ आला. पण ती युक्ती आजही आपल्या गायनवृंदात जिवंत आहे.

आपल्या भूमीत

ही काही एकट्या युरोपची मक्तेदारी नव्हती. आपल्याकडे अमरसिंहाचा ‘अमरकोश’ तीन कांडांत आणि सुमारे दीड हजार श्लोकांत रचलेला आहे. पाठशाळेतील मुलगा अर्थ पुरता कळण्याआधीच तो मुखोद्गत करी. तेराव्या शतकात अबू नस्र फराही याने अरबी शब्दांचे फारसी अर्थ पद्यात गुंफले. ‘निसाब’ या नावाचे ते पुस्तक इराणात आणि हिंदुस्थानातही मुलांच्या हाती शतकानुशतके राहिले.

महाराष्ट्राला अधिक जवळचे उदाहरण म्हणजे ‘राज्यव्यवहारकोश’. १६७४ मध्ये शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला. राज्यकारभारात फारसी-अरबी शब्दांची गर्दी झाली होती. त्यांना संस्कृत पर्याय सुचवावेत, या महाराजांच्या आज्ञेवरून रघुनाथ पंडितांनी हा कोश रचला. त्यात सुमारे चौदाशे शब्द दहा वर्गांत मांडलेले आहेत. आणि तेही अनुष्टुभ छंदात, म्हणजे पाठ करता येतील असे.

त्या कोशामागील उद्देशाचे पुढे काय झाले ते पाहणे उद्बोधक आहे. ‘सचिव’, ‘अमात्य’, ‘प्रधान’ असे संस्कृत शब्द मराठीत रुळलेले आहेत. पण ‘कागद’, ‘दप्तर’, ‘जमीन’, ‘वसूल’ हे शब्द श्लोकांनी हटले नाहीत. शेतकरी, कारकून आणि व्यापारी यांच्या तोंडी ते रोज होते, म्हणून टिकले. शब्दाला छंद मिळाला तर तो पाठ होतो. पण तो भाषेत राहतो की नाही, हे ठरते वापरावर. या इतिहासातील माझ्या मते हा सर्वांत मोठा धडा आहे, आणि पुढील कथेतही तोच पुन्हा भेटतो.

गोव्याहून गेलेला एक येशूसंघीय

१५७८ च्या सप्टेंबरात मात्तेओ रिची नावाचा पंचवीस वर्षांचा येशूसंघीय तरुण गोव्यात उतरला. गोव्यात त्याने ईशज्ञानाचा अभ्यास केला. १५८० मध्ये कोचीन येथे त्याला गुरुदीक्षा मिळाली. १५८२ मध्ये तो मकावला गेला आणि तेथून चीनमध्ये. चिनी लिपीतील हजारो चिन्हे पाहून कोणाचीही छाती दडपावी; पण रिचीने रोममध्ये शिकताना एक प्राचीन विद्या हस्तगत केली होती. मनात एक वास्तू उभारायची, तिच्या कोपऱ्या-कोपऱ्यात आठवणीची चित्रे ठेवायची, आणि हवे तेव्हा मनानेच त्या वास्तूत फिरून ती पाहायची, अशी ती विद्या. सिसेरोने तिचे मूळ सिमोनिदीस या ग्रीक कवीपर्यंत नेले आहे. मेजवानीच्या दालनाचे छत कोसळून पाहुणे ओळखू न येण्याइतके चिरडले गेले. कोण कोठे बसले होते ते आठवून सिमोनिदीसने मृतांची ओळख पटवून दिली, अशी ती कथा.

१५९५ मध्ये नानछांग शहरातील विद्वानांसमोर रिचीने क्रमवारी नसलेली चारशे-पाचशे चिनी चिन्हे एकदा वाचून तोंडपाठ म्हणून दाखवली. आणि मग उलट्या क्रमानेही म्हटली. विद्वान थक्क झाले. त्या प्रांताच्या सुभेदाराचे तीन मुलगे सरकारी परीक्षेची तयारी करीत होते. त्यांच्यासाठी रिचीने १५९६ मध्ये स्मरणविद्येवर चिनी भाषेत एक पुस्तक लिहिले. त्यातील पहिले चित्र दोन झुंजणाऱ्या योद्ध्यांचे आहे. एक शस्त्र उगारतो आहे आणि दुसरा त्याचे मनगट धरून त्याला थोपवतो आहे. ‘युद्ध’ या अर्थाच्या चिनी चिन्हात ‘भाला’ आणि ‘थांबणे’ अशी दोन चिन्हे असतात. ती फोड या चित्रात पकडली आहे. दुसऱ्या एका चित्रात धान्य कापणारा शेतकरी आहे, कारण ‘लाभ’ या चिन्हात धान्य आणि सुरी आहे.

पुस्तक वाचून सुभेदाराच्या थोरल्या मुलाने काय म्हणावे? नियम खरे आहेत. पण ते वापरायला मुळातच उत्तम स्मरणशक्ती हवी, असा त्याचा अभिप्राय रिचीने स्वतःच प्रांजळपणे पत्रात कळवला आहे. परीक्षार्थी मुले सगळीकडे सारखीच!

रिचीला स्वतःला चिनी भाषा आली ती मात्र केवळ त्या मनातल्या वास्तूमुळे नव्हे. १५८३ पासून तो चिनी माणसांत राहिला, त्यांचे अन्न जेवला, त्यांचे प्राचीन ग्रंथ त्यांच्याच पंडितांपाशी बसून वाचले आणि लॅटिनमध्ये उतरवले. १५९५ मध्ये त्याने चिनी भाषेत लिहिलेल्या पुस्तकाचा विषय ‘मैत्री’ हा होता. पुढे १६०७ मध्ये युक्लिडच्या भूमितीचे पहिले सहा खंड त्याने शू ग्वांग-छी या मित्राच्या साहाय्याने चिनी भाषेत आणले. चित्रांनी चिन्हे ध्यानात राहिली असतील. मैत्रीने ती भाषा झाली.

आक्षेप घेणारे

पाठांतराचा अतिरेक पाहून अस्वस्थ झालेले लोकही प्रत्येक युगात होते. संत ऑगस्टीन आपल्या ‘कन्फेशन्स’ या आत्मनिवेदनात सांगतात की ‘एक आणि एक दोन’ ही शाळेतली गाणेवजा घोकणी त्यांना नकोशी वाटे. लॅटिन ते शिकले दायांच्या लाडिक बोलण्यातून, हसण्या-खेळण्यातून. ग्रीक शिकवली गेली ती धाकदपटशाने आणि शिक्षेच्या भीतीने. लॅटिनवर त्यांचे प्रेम जडले, ग्रीकचा तिटकारा आला. जबरदस्तीपेक्षा मोकळे कुतूहल भाषा शिकण्यास अधिक उपयोगी पडते, असा निष्कर्ष ते काढतात. त्याच ग्रंथाच्या दहाव्या भागात स्मृतीच्या विशाल प्रासादांचे वर्णनही आहे. म्हणजे ऑगस्टीन यांचे वैर स्मरणाशी नव्हते. रुक्ष आणि भीतीच्या सावलीत होणाऱ्या घोकणीशी होते.

‘दोक्त्रिनाले’वरही सोळाव्या शतकातील मानवतावादी विद्वानांनी हल्ला चढवला. मुले नियमांच्या ओळी घडाघडा म्हणतात, पण त्यांना चार ओळींचे सरळ पत्र लिहिता येत नाही, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. रॉटरडॅमचे एरॅस्मस यांनी स्मरणयुक्त्यांचा उपयोग नाकारला नाही. पण उत्तम स्मरण तीन गोष्टींवर उभे असते, आकलन, क्रम आणि आस्था, असे त्यांचे मत होते. १५१२ साली लंडनच्या सेंट पॉल शाळेसाठी त्यांनी भाषासमृद्धीवर एक पुस्तक रचले. ‘तुझ्या पत्राने मला फार आनंद झाला’ एवढेच एक वाक्य त्यात त्यांनी दीडशेच्या आसपास निरनिराळ्या प्रकारे लिहून दाखवले आहे. शब्दांची यादी पाठ करण्याऐवजी एकच भाव नाना शब्दांत मांडून पाहणे, हा त्यांचा मार्ग.

डब्लिनमध्ये जन्मलेले विल्यम बाथ हे येशूसंघीय स्पेनमधील सालामांकाच्या आयरिश कॉलेजात होते. परदेशी जाणाऱ्या मिशनऱ्यांना आणि परभाषिकांचे पापनिवेदन ऐकणाऱ्या धर्मगुरूंना भाषा लवकर यावी, म्हणून १६११ साली तेथून ‘भाषांचे द्वार’ या अर्थाच्या नावाचे पुस्तक निघाले. सुमारे पाच हजार नेहमीचे लॅटिन शब्द त्यात सुमारे बाराशे वाक्यांत गुंफले होते. यादी नाही, यमक नाही. प्रत्येक शब्द अर्थपूर्ण वाक्यात. वीस वर्षांनी, १६३१ मध्ये, मोरावियाचे प्रॉटेस्टंट शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस यांनी ती कल्पना आणि ते नावही घेऊन अधिक सोपे पुस्तक केले. १६५८ मध्ये तर त्यांनी चित्रांसह शब्द शिकवणारे मुलांचे प्रसिद्ध पुस्तक काढले. धर्मपंथांच्या वैराच्या त्या काळात एका येशूसंघीयाची कल्पना एका प्रॉटेस्टंट गुरूने आनंदाने पुढे न्यावी, ही गोष्ट आजही मनाला सुखावते.

संत थॉमस यांचे चार नियम

पद्य, चित्र, वाक्य या साऱ्यांचा मेळ तेराव्या शतकातच एका माणसाने घालून ठेवला होता. संत थॉमस अक्वायनस यांनी ‘सुम्मा’ या ग्रंथात स्मृतीचा विचार विवेक या सद्गुणाचे अंग म्हणून केला आहे. तेथे ते चार गोष्टी सांगतात. जे लक्षात ठेवायचे त्याला काहीसे आगळेवेगळे चित्र जोडावे, कारण आश्चर्य वाटलेली गोष्ट मनात खोल उतरते. जे लक्षात ठेवायचे ते क्रमाने लावावे. त्याविषयी मनात आस्था आणि जिव्हाळा असावा. आणि त्याचे वारंवार चिंतन करावे.

पहिल्या दोन नियमांत आपली यमके आणि युक्त्या आल्या. उपाशी मोर हे आगळेवेगळे चित्रच की. पण तेथेच थांबले तर काय होते, ते आधुनिक संशोधनाने दाखवले आहे. १९७५ साली अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या संशोधकांनी विद्यार्थ्यांना तीन दिवसांत १२० रशियन शब्द शिकवले. काहींना शब्दाशी उच्चारसाम्य असलेला इंग्रजी शब्द आणि त्यावरून एक चित्र अशी युक्ती दिली. काहींना दिली नाही. नंतरच्या परीक्षेत युक्तीवाल्यांना ७२ टक्के अर्थ आठवले, इतरांना ४६ टक्के. युक्ती खरोखर चालते, याचा हा पुरावा. मात्र सहा आठवड्यांनी पुन्हा विचारले, तेव्हा युक्तीवाले ४३ टक्क्यांवर आणि इतर २८ टक्क्यांवर आले होते. युक्तीवाले पुढे होते खरे, पण त्यांचेही निम्म्याहून अधिक शब्द निसटले होते. संत थॉमस यांचे उरलेले दोन नियम, जिव्हाळा आणि वारंवार चिंतन, का हवेत ते या आकड्यांवरून कळते.

युक्तीत आणखी एक धोका असतो. वर दिलेल्या यमकात ‘मोरोज’ असा उच्चार मोरासाठी मुद्दाम वळवून घेतला आहे. त्या शब्दाचा इंग्रजी उच्चार ‘मरोस’ याच्या जवळ जातो. यमक पाठ करून थांबलेले मूल मुलाखतीत तो शब्द चुकीचा उच्चारील. शिवाय ‘मी गरीब’ आणि ‘मीगर’ यांचे नाते निव्वळ योगायोगाचे आहे. ‘मीगर’चे खरे मूळ लॅटिन ‘माकेर’, म्हणजे कृश, रोडका. ते कळले की अन्नावाचून खंगलेल्या माणसाला इंग्रजीत ‘इमेशिएटेड’ का म्हणतात तेही उलगडते, कारण तो शब्द त्याच कुळातला. युक्तीने एक शब्द मिळतो. मूळ कळले तर सारे कुटुंब ओळखीचे होते.

आजी-आजोबांच्या ओठांवरची किल्ली

आणि मूळ शोधण्यासाठी आपल्या कुटुंबांना फार दूर जावे लागत नाही. ४ डिसेंबर १९६३ रोजी दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने उपासनेविषयीचा दस्तऐवज संमत केला आणि त्यानंतर मिस्सा लोकभाषांत होऊ लागली. त्याआधीची लॅटिन मिस्सा लहानपणी ऐकलेली माणसे आजही आपल्या धर्मग्रामांत आहेत. वेदीसेवक म्हणून त्यांनी पाठ केलेले लॅटिन शब्द त्यांच्या ओठांवर आहेत. ते शब्द म्हणजे अवघड इंग्रजीच्या कुलुपाची किल्लीच होय.

‘क्रेदो’, म्हणजे मी विश्वास ठेवतो. यावरून ‘क्रेडिबल’ म्हणजे विश्वासार्ह, ‘क्रेड्युलस’ म्हणजे कशावरही विश्वास ठेवणारा भोळा, आणि ‘इन्क्रेड्युलस’ म्हणजे विश्वास न बसणारा. ‘कुल्पा’, म्हणजे अपराध. त्यावरून ‘कल्पेबल’ म्हणजे दोषी आणि ‘एक्सकल्पेट’ म्हणजे दोषमुक्त करणे. ‘पेक्काता’, म्हणजे पापे. त्यावरून ‘पेकॅडिलो’ म्हणजे क्षुल्लक चूक, आणि ‘इम्पेकेबल’ म्हणजे निर्दोष. मूळ अर्थाने निष्पाप! ‘बोनाए वोलुंतातिस’ म्हणजे चांगल्या इच्छेची माणसे. त्यातील ‘वोलुंतास’च्या घराण्यातील ‘व्हॉलिशन’ म्हणजे स्वेच्छा आणि ‘बेनेव्होलंट’ म्हणजे हितचिंतक. ‘लुक्स’, म्हणजे प्रकाश. त्यावरून ‘ल्युसिड’ म्हणजे सुबोध आणि ‘इल्युसिडेट’ म्हणजे उलगडून सांगणे. ‘माग्निफिकात’वरून ‘मॅग्निफाय’ तर सर्वांनाच ठाऊक आहे. त्याच ‘माग्नुस’ला ‘अनिमुस’ म्हणजे मन जोडले की ‘मॅग्नॅनिमस’, मोठ्या मनाचा.

ज्या आजोबांना आपण ‘इंग्रजी येत नाही’ म्हणून बाजूला बसवतो, त्यांच्यापाशी नातवाच्या यादीतील वीस-पंचवीस शब्दांची मुळे असू शकतात. नातू यादी घेऊन त्यांच्याजवळ बसला, तर संत थॉमस यांनी सांगितलेला जिव्हाळा त्या शब्दांना आपोआप लाभेल.

फादर स्टीफन्स यांचा दाखला

शेवटी एका इंग्रजाचाच दाखला देतो, कारण त्याने हा प्रवास उलट दिशेने केला. रिची गोव्यात आला त्यानंतर वर्षभराने, ऑक्टोबर १५७९ मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स गोव्यात उतरले. इंग्रजी ही त्यांची मायबोली. आपल्या मुलांना आज इंग्रजी जितकी परकी, त्याहून कितीतरी परकी त्यांना येथील भाषा होती. शब्दकोश नाही, छापील व्याकरण नाही. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी येथील भाषांच्या रचनेचे ग्रीक आणि लॅटिनशी साम्य असल्याचे नोंदवले आहे. म्हणजे शब्द नुसते गोळा न करता त्यांची नाती ते पाहत होते. साष्टीतील माणसांत ते चाळीस वर्षे राहिले. १६१६ मध्ये त्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ राचोल येथे छापले गेले. ते मराठीत आहे, जवळजवळ अकरा हजार ओव्यांचे. आणि ओवी म्हणजे तरी काय? यमकाने बांधलेली, जात्यावर आणि कीर्तनात घोळलेली, पाठ होण्यासाठीच जन्मलेली रचना.

पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज राज्यकर्त्यांनी फर्मान काढले की गोव्यातील लोकांनी तीन वर्षांत स्थानिक भाषा सोडून पोर्तुगीज बोलावी. ख्रिस्तपुराणाच्या सतराव्या शतकातील तीन आवृत्त्यांपैकी एकही छापील प्रत आज हाती लागत नाही. तरी ग्रंथ टिकला. लोकांनी तो हाताने उतरवून घेतला. कर्नाटकच्या किनाऱ्यावर जाऊन वसलेल्या ख्रिस्ती घरांत तो गायला-वाचला गेला. अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ मध्ये मंगळूर येथे त्याची नवी आवृत्ती निघू शकली. फर्मानापुढे जे टिकले ते यमकामुळे टिकले, हे खरे. पण केवळ यमकामुळे नव्हे. त्या ओव्या लोकांच्या प्रार्थनेच्या, दुःखाच्या आणि सणाच्या होत्या.

तेव्हा पालकांना माझे सांगणे एवढेच. मुलांची यमके आणि युक्त्या हसण्यावारी नेऊ नका. त्यांच्यामागे मोठमोठ्या गुरूंची परंपरा उभी आहे. पण पाठ झालेला शब्द तेथेच सोडू नका. त्याचा खरा उच्चार ऐकू द्या, त्याचे मूळ शोधू द्या, आठवड्यातून एकदा रात्रीच्या जेवणाच्या वेळी त्या शब्दाचे एक वाक्य मुलाला करू द्या. आणि त्याच भावासाठी आपल्या मराठीत कोणता शब्द आहे तेही विचारा. ‘मीगर’ला ‘तुटपुंजे’ हा आपला नेमका शब्द आहे. परकी भाषा शिकताना घरची विसरली, तर मुलाच्या हाती एकच भाषा राहील, आणि तीही अर्धी. फादर स्टीफन्स यांनी परकी भाषा आपलीशी केली, म्हणून त्यांची मायबोली काही हरवली नाही. आपल्या मुलांनाही दोन्ही घरांत सुखाने नांदता यावे.